डाव्या हातावर वृंदावन: पहिला टॅटू आणि नंतरचे सात आठवडे

माझ्या आईच्या आईच्या डाव्या हातावर, मनगट आणि कोपराच्या मधोमध, तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. लहानपणी तिच्या शेजारी झोपले की मी त्यावरून बोट फिरवायचे. खाली पायऱ्या, वर चौथरा, मग तुळस, आणि सगळ्याला ठिपक्यांची चौकट. आजी २०१९ साली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये मी ठरवलं, की तेच वृंदावन माझ्या हातावर घ्यायचं. तेव्हा माझं वय ४१ होतं आणि टॅटूच्या दुकानात मी कधी पाऊलही टाकलेलं नव्हतं. कुणीतरी शेजारी बसून आधी काय, मग काय, हे सांगावं असं तेव्हा फार वाटायचं. म्हणून तारखा आणि खर्चासकट सगळं लिहिते आहे.

पहिली अडचण नक्षीची होती. आजीचा हात दिसेल असा एकच फोटो घरात होता, १९९८ मधल्या मामाच्या लग्नातला. त्यातही पदर आणि बांगड्यांच्या मधून वृंदावनाचा अर्धाच भाग दिसत होता. आई म्हणाली, "अगं, मावशीच्या हातावर तेच आहे की! दोघींनी एकाच दिवशी गोंदून घेतलं होतं." आजीची धाकटी बहीण फलटणजवळच्या गावी असते. वय ८६, ऐकू कमी येतं, पण बाकी तब्येत खणखणीत. सप्टेंबरच्या एका शनिवारी बटर पेपर आणि बारीक टोकाचं पेन घेऊन मी आणि आई पुण्याहून एसटीनं तिच्याकडे गेलो.

मावसआजीचं कातडं आता इतकं सैल झालंय, की कागद ठेवला की नक्षी आक्रसायची. मी हळूच ताणत होते, तर ती म्हणाली, "वढ की चांगलं. तुटत न्हाई ते." आईनं दोन्ही बाजूंनी कातडी ताणून धरली आणि मी रेघ न् रेघ गिरवली. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत रेघा पसरून जाड झाल्या होत्या, ठिपके एकमेकांत मिसळले होते आणि काळा रंग निळा-हिरवा झाला होता. गोंदणारी बाई दारावर यायची, तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या असायच्या, दिव्याचं काजळ कसल्याशा पाल्याच्या रसात खललेलं असायचं, हे तिनं सांगितलं. दोघींना दोन बायकांनी धरून ठेवलं होतं. नंतर वर हळद दाबली आणि मजुरी म्हणून ज्वारी दिली. "मेल्याव एवढंच संगं येतं बघ," असं म्हणून तिनं पदर खाली ओढला. त्या दिवशी परत येताना माझ्या मनातली सगळी चलबिचल संपली होती.

मग दुकानं शोधली. पुण्यात गल्लोगल्ली टॅटू काढून मिळतात, त्यामुळे तीन ठिकाणी नुसती बघायला आणि बोलायला गेले. हे जरूर करा, फोनवर ठरवू नका. एका ठिकाणी मी सुया बघायला मागितल्या तर "आमच्याकडे सगळं स्वच्छच असतं" एवढंच उत्तर मिळालं. तिथून मी निघाले. एकाची वापरलेली सुई दुसऱ्याला टोचली तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. ज्याला हा प्रश्न विचारलेला आवडत नाही, त्याच्या हातात आपला हात देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

तिसऱ्या ठिकाणची आर्टिस्ट तिशीच्या आतली मुलगी होती. तिनं न विचारता ड्रॉवर उघडून सीलबंद पाकिटं दाखवली. प्रत्येकावर निर्जंतुक केल्याची खूण आणि वापरायची शेवटची तारीख छापलेली. तिनं मला ताजे टॅटू दाखवलेच, शिवाय दोन-तीन वर्षं जुन्या टॅटूंचे फोटोही दाखवले. हे महत्त्वाचं आहे. काढल्या दिवशी सगळेच टॅटू रेखीव दिसतात, कातडीत मुरल्यावर रेघ कशी राहते ते जुन्या कामावरूनच कळतं.

माझा बटर पेपर बघून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, हे ठिपके एवढे जवळ घेतले तर पंधरा वर्षांत एकच पट्टा होईल." शाई कातडीत हळूहळू पसरते, म्हणून दोन ठिपक्यांमध्ये मोकळी जागा आधीच ठेवावी लागते. मावसआजीच्या हातावर मी तेच तर पाहून आले होते. आम्ही चौकटीतले ठिपके ५२ वरून ३६ केले, पायऱ्या पाचाच्या तीन केल्या. पायऱ्या कमी करताना मला वाईट वाटलं, आणि घरी येऊन मी दोन दिवस विचार केला. शेवटी आजीच्या हातावर नेमक्या किती होत्या हे मला आठवतच नव्हतं, आणि आईलाही नाही. तीन पायऱ्यांवर मी हो म्हटलं.

साधारण अडीच इंच बाय साडेतीन इंच, फक्त काळा रंग. खर्च ५,५०० रुपये सांगितला, त्यातले १,००० आगाऊ. तारीख मीच दिवाळीनंतरची मागितली. पावसाळ्यात ओल्या बाह्या आणि उन्हाळ्यात घाम, दोन्ही ताज्या जखमेला वाईट, आणि दिवाळीत फराळाच्या कढईपुढे उभं राहायचं असतं. २४ नोव्हेंबर, रविवार ठरला.

भाऊबीजेला, ३ नोव्हेंबरला, घरात सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंनी फक्त "दुखेल गं" एवढंच म्हटलं. भाचा केंद्रीय पोलीस दलाच्या भरतीची तयारी करतोय, त्यालाही हौस आली. त्याच्यासाठी नियम वाचले. या दलांच्या वैद्यकीय तपासणीत टॅटू पारंपरिक जागी, म्हणजे डाव्या हाताच्या आतल्या बाजूला (सलाम उजव्या हातानं करतात म्हणून) किंवा पंजाच्या पाठीवर चालतो, आणि त्या अवयवाच्या एक चतुर्थांशापेक्षा लहान असावा लागतो. मजकूर किंवा चित्र कसलं असावं यालाही मर्यादा आहे. भरतीचा विचार असलेल्यांनी आपल्या दलाची जाहिरात ओळ न् ओळ वाचूनच पुढे जावं. भाच्याला मी निवड होईपर्यंत थांब म्हटलं, आणि त्यानं ऐकलं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आठवडाभर आधी भेटले. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं उलटली होती, ते त्यांनी दिलं (१५० रुपये). मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, कातडीचा जुना आजार यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

२४ तारखेला सकाळी पोटभर पोहे खाऊन निघाले. रिकाम्या पोटी जाऊ नका, भोवळ येते. आदल्या रात्री झोप नीट व्हायला हवी आणि मद्य घेऊ नये, हे आर्टिस्टनं आधीच बजावलं होतं. सैल, कोपराच्या वर जाईल अशा बाहीचा जुना कुर्ता घातला. अकराला पोहोचले. आधी दोन पानी फॉर्म: वय १८ पूर्ण, आधारकार्डाची प्रत, आजार, ॲलर्जी, चालू औषधं, फिट येते का, जखमेचे व्रण जाड होऊन उंचवटा येतो का. शेवटच्या प्रश्नावर मी अडले. तिनं विचारलं, "दंडावरची बीसीजी लशीची खूण कशी आहे? ऑपरेशन झालंय का कधी?" बीसीजीची खूण सपाट होती, सिझेरियनचा व्रणही बारीक रेघेसारखाच राहिला होता. ज्यांचे व्रण वाढत जातात त्यांच्या टॅटूवरही तशाच गाठी येऊ शकतात, म्हणून हा प्रश्न प्रामाणिकपणे भरायचा.

मग हातावरची लव नव्या रेझरनं काढली, कातडी पुसली आणि जांभळ्या शाईचा छाप उमटवला. इथे आमचा पाऊण तास गेला. आजकाल बहुतेक जण हात खाली सोडल्यावर समोरच्याला चित्र सुलटं दिसेल असं काढतात, म्हणजे पाया मनगटाकडे. आजीचं उलट होतं. तिनं हात वर उचलून डोळ्यांपुढे धरला की वृंदावन तिला स्वतःला सुलटं दिसायचं. आर्टिस्टनं दोन्ही छाप उठवून दाखवले. मी आरशापुढे उभी राहिले, हात सोडला, वळवला, दुमडला. हात वळला की कातडीही वळते आणि सरळ रेघ तिरकी दिसते, म्हणून छाप नेहमी उभं राहून, हात सैल सोडून तपासा. मी आजीसारखंच ठेवलं. बघायला मिळावं ते मला. दुसऱ्यांदा थोडं तिरकं आलं, पुसलं, तिसऱ्यांदा बरोबर बसलं. छाप हवा तितक्या वेळा पुसता येतो. संकोच करू नका.

सुईचं पाकीट तिनं माझ्यासमोर फोडलं. मशीन, वायर, पाण्याची फवाऱ्याची बाटली, सगळ्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद गुंडाळलेला होता. शाई मोठ्या बाटलीतून एका छोट्या टोपणात ओतली, उरलेली नंतर टाकून दिली. मध्येच फोन वाजला तो तिनं घेतला, आणि परत आल्यावर हातमोजे बदलले. मी हे सगळं डोळ्यात तेल घालून बघत होते.

दुखण्याबद्दल सगळ्यांना जाणून घ्यायचं असतं. पहिली रेघ चटका बसल्यासारखी झोंबली. हाताच्या मधल्या मांसल भागात ते सोसवतं. उन्हानं रापलेल्या कातडीवर कुणी नखानं सलग ओरखडत राहावं तसं वाटतं. मनगटाजवळ मात्र मला दात आवळावे लागले. रेघांपेक्षा ठिपके बरे, कारण प्रत्येक ठिपक्यानंतर क्षणभर उसंत मिळते. सुईपेक्षाही, वरची जादा शाई ती कागदानं पुसायची ते जास्त झोंबायचं. तासाभरानं थांबून शहाळ्याचं पाणी प्यायले, राजगिऱ्याचा लाडू खाल्ला. एकूण दोन तास वीस मिनिटं. तुळशीचं शेवटचं पान भरताना मी रडले. ते दुखण्यामुळे नव्हतं.

त्याच आठवड्यात, २० तारखेला, विधानसभेचं मतदान झालं होतं आणि माझ्या त्याच हाताच्या तर्जनीवर मतदानाची शाई होती. तिकडे बोट दाखवून आर्टिस्टनं मला टॅटू का टिकतो ते समजावलं. मतदानाची शाई कातडीच्या सगळ्यात वरच्या थरावर आणि नखावर बसते. तो थर झडत राहतो, नख वाढत राहतं, म्हणून ती जाते. सुई शाईला त्याखालच्या थरात, एक-दोन मिलिमीटर आत नेऊन ठेवते. शरीर तिला परकी समजून आपल्या पेशींकरवी गिळायला बघतं, पण त्या पेशी शाई पोटात घेऊन तिथेच बसून राहतात. आजीचं गोंदण निळसर का दिसायचं, याचंही उत्तर मला इथेच मिळालं. काळा कण कातडीच्या आतून पाहिला की निळा दिसतो.

निघताना तिनं वर एक पारदर्शक, श्वास घेणारा चिकट पडदा लावला (४०० रुपये वेगळे), आणि तीन दिवस काढू नका म्हणाली. साबण आणि मलमाचे ३१० रुपये औषधांच्या दुकानात गेले.

पहिल्या रात्री पडद्याखाली काळं पाणी साठलं. मी घाबरले, फोटो पाठवला. ते जखमेतून झिरपलेलं पाणी आणि जादा शाई होती, असं होतंच. उशीवर जुना टॉवेल अंथरून झोपा, डाग पडतात. दुसऱ्या रात्रीपासून मात्र पडद्याच्या कडांना खाज सुटली. मी सहन केली. ही माझी चूक झाली. २७ तारखेला कोमट पाण्याखाली पडदा ताणत ताणत काढला तर वृंदावन स्वच्छ होतं, आणि त्याच्याभोवती पडद्याच्या मापाचा लाल चौकोन, त्यावर बारीक पुरळ.

दुसऱ्या दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. एक तास चाळीस मिनिटं थांबावं लागलं, तपासणी पाच मिनिटांत झाली. फी ८००, औषधं २६५. त्यांनी सांगितलेलं इथे नीट लिहिते, कारण त्या दीड तासात मी नको नको ते मनात आणलं होतं. पुरळाचा आकार पट्टीच्याच आकाराचा असेल, दुखण्यापेक्षा खाज जास्त असेल, तर बहुधा चिकटपट्टीची ॲलर्जी. जखम चिघळली असेल तर दुखणं दिवसागणिक वाढतं, जागा गरम लागते, सूज आणि पू येतो, ताप चढतो, कधी लाल रेघ वर सरकताना दिसते. तसं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मला फक्त भोवतीच्या पुरळावर लावायला, गोंदणावर नाही, पाच दिवसांचं मलम मिळालं. साधी चिकटपट्टी ज्यांना सोसत नाही त्यांनी हा पडदा घेऊ नये, हे मी आर्टिस्टलाही कळवलं आणि तिनं ते आपल्या फॉर्मात घातलं.

आई त्या दिवशी हळद आणि खोबरेल घेऊन आली होती. डॉक्टरांनी स्वयंपाकघरातली हळद उघड्या जखमेवर नको म्हटलं होतं, कारण ती निर्जंतुक नसते. आईचा चेहरा पडला. तिच्या मावशीनं, आईनं हळदच लावली होती ना. मग ती म्हणाली, "बरं, पोटात तर चालेल?" आणि पुढचे आठ दिवस रोज रात्री हळदीचं दूध पाठवत राहिली.

पडद्याविना निगा अगदी सोपी आहे. दिवसातून दोनदा हात आधी स्वच्छ धुवायचे, मग वास नसलेल्या सौम्य साबणानं बोटांनीच हलकं धुवायचं, टिश्यू पेपरनं टिपायचं. घासायचं नाही, आणि अंगाच्या टॉवेलनं तर नाहीच. पाच मिनिटं वारं लागू द्यायचं आणि मलमाचा अगदी पातळ हात. जाड थर दिला तर कातडी ओली राहून खपली मऊ पडते. अंघोळ चालते, पण बादलीत हात बुडवून ठेवणं नाही, पोहणं तीन आठवडे नाही. भांडी घासताना लांब हातमोजे घातले. कणीक नवऱ्यानं मळली. डिसेंबरची थंडी होती, पण लोकरीच्या स्वेटरचे तंतू चिकटतात, म्हणून आत सुती बाही. स्कूटरवर आपला नेहमीचा पांढरा सनकोट सगळ्यात उपयोगी पडला. ताज्या टॅटूवर ऊन नको आणि सनस्क्रीनही नको, ते कातडी पूर्ण भरल्यावर.

पाचव्या दिवसापासून पापुद्रे सुटायला लागले. कांद्याच्या सालीसारखे, आणि त्यावर काळी शाई. चित्रच निघून जातंय असं वाटून पोटात खड्डा पडतो. निघून जात नाही, वरचा थर झडतो. खाज इतकी की रात्री जाग यायची. खाजवण्याऐवजी तळहातानं थोपटायचं किंवा गार पाण्यात पिळलेला स्वच्छ रुमाल ठेवायचा. नवव्या दिवशी एका लग्नाला गेले आणि हौसेनं बांगड्या घातल्या. एक बांगडी खपलीत अडकली आणि चौकटीतले दोन ठिपके खपलीसकट गेले. तीन आठवडे त्या हातात बांगडी, घड्याळ, काही घालू नका.

दोन आठवड्यांनी पापुद्रे थांबले. त्यानंतर महिनाभर कातडी जरा चकचकीत आणि रंग धुरकट दिसत होता, मग हळूहळू काळा रंग वर आला. १२ जानेवारीला, बरोबर सात आठवड्यांनी, ते दोन ठिपके पुन्हा भरून घेतले. पंधरा मिनिटं, पैसे नाहीत, कारण तीन महिन्यांच्या आतली डागडुजी पहिल्या खर्चातच धरलेली होती. हेही आधी विचारून घ्यावं. सगळा मिळून खर्च ७,४२५ रुपये झाला, म्हणजे सांगितलेल्या आकड्यापेक्षा जवळपास दोन हजार जास्त. तेवढी तजवीज ठेवा.

आता एकच गोष्ट राहिली, आणि ती मला आधी कुणी सांगायला हवी होती. मी कॉलेजपासून रक्तदान करते. २६ जानेवारीला आमच्या सोसायटीत शिबिर होतं. फॉर्ममध्ये टॅटूचा प्रश्न होता, मी खरं ते लिहिलं, आणि तिथल्या डॉक्टरबाईंनी बारा महिने थांबायला सांगितलं. टॅटूनंतर वर्षभर रक्त घेत नाहीत. मी म्हटलं, म्हणजे नोव्हेंबरमध्ये येते. त्या म्हणाल्या, "मध्ये पुन्हा काही टोचलंय का?" ते दोन ठिपके. वर्ष त्या दिवसापासून मोजायचं. नियमित रक्तदान करणाऱ्यांनी सुईखाली बसायच्या महिनाभर आधी एकदा देऊन घ्या, आणि डागडुजीची वेळ येणार नाही अशी खपली जपा.

त्या टेबलापुढे उभी असताना मतदानाची शाई नखाच्या टोकाशी आलेली होती, दोन दिवसांनी ती कापून टाकली. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर तेव्हा घरात नव्हतं, म्हणून १२ जानेवारी २०२६ ही तारीख फोनमध्ये लिहून ठेवली.